शेजारच्या खुर्चीतली बाई

६ सप्टेंबर १९५४, सोमवार

वकिली सोडल्यापासून वहीत लिहावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं. टेलिव्हिजनवाल्यांचा पॅजेट नावाचा निर्माता घरी येऊन गेला. 'हे कशासाठी?' हा त्यांचा नवा कार्यक्रम, दर गुरुवारी संध्याकाळी. कोणीतरी प्रेक्षक घरातली एखादी चमत्कारिक वस्तू घेऊन येणार. आम्ही तिघे टेबलाशी बसून त्याला प्रश्न विचारणार. त्याने शक्यतो 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं, आणि अध्यक्षांची घंटा वाजायच्या आत ती वस्तू कशासाठी आहे ते आम्ही ओळखायचं. सगळं जसं घडेल तसं त्याच क्षणी देशभर दिसणार.

"उलटतपासणीत तुमचा हात धरणारा लंडनमध्ये कोणी नव्हता, असं सगळे म्हणतात," पॅजेट म्हणाला. मी ते खोडून काढलं नाही. खरं ते खरं.

विनीलाही आनंद झालेला दिसला. पण पॅजेटला फाटकापर्यंत सोडायला म्हणून गेली ती त्याच्याशी बराच वेळ बोलत उभी राहिली. मी पडद्याआडून पाहत होतो. तीच बोलत होती, तो नुसता मान हलवत होता. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणते, "गुलाबांबद्दल." आमच्या गुलाबांना या वर्षी कीड लागली आहे. त्यांच्याबद्दल परक्या माणसाशी एवढं बोलण्यासारखं काय आहे?

१० सप्टेंबर, शुक्रवार

पहिला कार्यक्रम काल झाला. माझ्या टकलावर पावडर लावली, दिव्यांनी ती वितळली, तरीही मी बाजी मारली. एका पाद्रीबाबांनी लाकडी चिमट्यासारखी लांबोडकी वस्तू आणली होती. चौथ्याच प्रश्नाला मी सांगितलं, हातमोज्यांची बोटं ताणायची ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता सोबतचे लोक. पलीकडच्या टोकाला फर्नी नावाचा प्राणिशास्त्रज्ञ, तरुण, निरुपद्रवी. मध्ये मी. आणि माझ्या डाव्या हाताला मिस कॉन्स्टन्स ट्रेल, नाटकातली नटी. चाळिशी ओलांडलेली, मोठ्या डोळ्यांची. आवाज असा की थिएटरच्या बाहेर उभ्या असलेल्या घोड्यानेही वळून पाहावं. या बाईला एक वाईट खोड आहे. वस्तूचा मालक उत्तर देतो न देतो तोच ही माझ्याकडे तोंड करून ते मोठ्याने परत म्हणते. "नाही! म्हणजे स्वयंपाकघरातलं नाही तर!" "हो! बायका वापरतात म्हणे!" पोपटीण. कॅमेरा आपल्यावर राहावा म्हणून केलेला चाळा, दुसरं काय.

१४ सप्टेंबर, मंगळवार

रेडिओवर बातम्या सांगणारी नवी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. युद्धाच्या काळात प्रत्येक शब्द घंटेसारखा यायचा. मी आवाज जरा वाढवला तर शेजारच्या पिलिंगने भिंतीवर ठोसे मारले. म्हणजे ठोसे मारले असं विनी म्हणाली, मला काही जाणवलं नाही. पिलिंग पूर्वी सभ्य होता.

विनीचंही वागणं विचित्र झालं आहे. दुपारी ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "हम्फ्री, पाद्री कुठे आहे?" मी म्हटलं, "चर्चमध्ये असेल, नाहीतर कुणाला तरी पुरत असेल." तिने वळून माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि तशीच पावसात बाहेर पडली. भिजून आल्यावर म्हणते, "मी छत्री विचारत होते." आपलेच शब्द फिरवायचे. असे साक्षीदार मी पायलीचे पन्नास पाहिले आहेत.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

काल शिकारी ससाण्याच्या डोळ्यांवर घालायची टोपी आली होती. फर्नीला ती ओळखता आली नाही, मी ओळखली. मिस ट्रेलचं पोपटपुराण चालूच. पण काल आणखी काही दिसलं.

कार्यक्रमाआधी आम्हाला एका खोलीत शेरी आणि सँडविच देतात. मी आत शिरलो तेव्हा ती आणि पॅजेट खिडकीशी डोकं जुळवून बोलत होते. मला पाहताच दोघं गप्प. मग ती हसत पुढे आली आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "या, मिस्टर प्रॉथेरो! आज तुमचा टाय छान आहे!" लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा सुटा.

निर्माता आणि स्पर्धक कोपऱ्यात कुजबुजतात, याचा अर्थ काय होतो? वस्तू काय आहे ते पॅजेटला ठाऊक असतं. आता तिलाही ठाऊक असतं, असं धरून चालायला हरकत नाही.

मला हे नवं नाही. कोर्टातल्या माझ्या शेवटच्या वर्षी न्यायमूर्ती मॅलिन्सन भर कोर्टात म्हणायचे, "मिस्टर प्रॉथेरो, साक्षीदाराने याचं उत्तर आत्ताच दिलं आहे." एकदा नाही, अनेकदा. मागच्या बाकांवरची पोरंसोरं माना खाली घालून हसायची. माझ्या चेंबरमधल्याच कोणीतरी त्यांचे कान भरले होते. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी मान सांभाळून बाहेर पडलो. या वेळी मी आधीपासून डोळे उघडे ठेवणार आहे.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

पुरावा मिळाला. ती टेबलाखालून पाय मारते!

माझी प्रश्नाची पाळी आली की तिच्या बुटाचं टोक माझ्या बुटावर येतं. पहिल्यांदा वाटलं चुकून लागलं असेल. मी पाय मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा. मी वर पाहिलं तर अध्यक्ष डॉ. ऑर्मरॉड माझ्याकडेच पाहत थांबले होते, आणि ती म्हणत होती, "मिस्टर प्रॉथेरो विचारात पडलेत! त्यांची पाळी आली की मला बाई धडकीच भरते!" लोक हसले. मी प्रश्न विचारला.

हे काय चाललं आहे? मला गोंधळात पाडायचं, माझी तंद्री मोडायची आणि वर माझ्यावर विनोद करायचा. आधी पोपट, आता खेचर.

घरी आल्यावर विनीला सांगितलं. ती कपबशा विसळत म्हणाली, "चांगली बाई आहे ती." मी म्हटलं, तू तिला कधी भेटलीस? त्यावर ती काय म्हणाली ते नळाच्या धारेत गेलं.

२८ सप्टेंबर, मंगळवार

आत्ताच लिहून ठेवतो.

सकाळी टपाल टाकायला गेलो होतो, तिकिटं विसरलो म्हणून परतलो. विनी टेलिफोनवर बोलत होती. तिची पाठ माझ्याकडे. मी आलेलो तिला कळलं नाही. वळली, मला पाहिलं, आणि चोरी पकडली जावी तसा तिचा चेहरा झाला. मी तिच्या हातातून फोन घेतला. पलीकडून नुसती गुणगुण. मी दरडावलं, "कोण आहे?" गुणगुण थांबली, मग फोन बंद झाला.

"कोण होतं?"

विनीने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "कॉन्स्टन्स."

कॉन्स्टन्स! माझी बायको त्या बाईला पहिल्या नावाने हाक मारते!

"किती दिवस चाललंय हे?"

"हम्फ्री, बस जरा. माझ्याकडे बघ. मी तुला केव्हापासून सांगतेय. तू डॉक्टर अ‍ॅबलेटकडे एकदा—"

"मला वेडा ठरवायचंय?"

"वेडा कोण म्हणतंय? अरे, मी म्हणतेय की तुला—"

मी टोपी घातली आणि बाहेर पडलो. टेकडीवरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिलो. माणसं तोंडं हलवत समोरून जात होती. सगळ्या जगाला एकमेकांशी काहीतरी बोलायचं आहे आणि ते माझ्या पाठीमागेच बोलायचं आहे. एकतीस वर्षं एका घरात काढलेल्या बाईनेसुद्धा. डॉक्टरच्या सहीने मला कार्यक्रमातून काढायचं, आणि माझ्या जागी ट्रेलबाईचा कोणी यार-दोस्त बसवायचा, असा बेत दिसतो. विनीला यातून काय मिळणार ते मात्र उमगत नाही. तेच जास्त लागतं.

४ ऑक्टोबर, सोमवार

पॅजेटच्या ऑफिसात गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं, "मिस ट्रेलना वस्तूंची उत्तरं आधी कळतात. त्या मला पायाने त्रास देतात. त्या तरी राहतील, नाहीतर मी."

पॅजेट ओठांतला पाइप न काढताच बोलतो. बराच वेळ बोलला. 'ती बाई' आणि 'सांभाळून' एवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

"सांभाळून?" मी म्हटलं. "तुम्ही मला धमकी देताय?"

त्याने पाइप काढला. चेहरा असा केला की जणू मीच त्याला धमकी दिली. मग खाणाखुणा करत मोठ्याने म्हणाला, "तुमचा गैरसमज होतोय, साहेब! ती तुमच्यासाठी—"

"ओरडू नका. मी काही बहिरा नाही."

त्यावर त्याने पाइप खाली ठेवला. खिडकीबाहेर पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. मी तिच्याशी बोलतो."

संध्याकाळी त्याचा निरोप आला. मिस ट्रेल स्वतःहून बाजूला होत आहेत. या गुरुवारी त्यांच्या जागी मेजर बोल्सोव्हर बसतील. निर्दोष माणूस असा लढल्याशिवाय मैदान सोडतो का? खटला जिंकल्यावर वाटायचं तसं वाटलं. विनीला सांगितलं तर ती जेवणाचं ताट तसंच टाकून उठून गेली.

८ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी

काल मोकळा श्वास घेऊन काम केलं. पाय नाही, पोपट नाही. मेजर बोल्सोव्हर मिशीतच बोलतो आणि मिशीतच झोपतो, तेव्हा किल्ला मलाच लढवावा लागला.

वस्तू होती रबरी कापडाचा घड्या पडलेला छोटा भाता, हाताने दाबायचा. मालकीण मिसेस थ्रेशर, कॉव्हेन्ट्रीहून आलेली. काळा कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. बाई फार हळू बोलत होती. मी तिच्या मानेवर लक्ष ठेवलं. मान उभी हलली की हो, आडवी की नाही. मग हळूहळू घेरलं. स्वयंपाकाचं? नाही. सजीवासाठी? हो. माणसासाठी? हो. तुमच्या घरातल्या? हो. अजून वापरता? नाही.

"का बरं? आता गरज नाही?" मी विचारलं.

तिने काहीतरी म्हटलं. शेवटचा शब्द 'गेली' असा आला. मी लगेच पकडलं.

"गेली? म्हणजे मुलगी सासरी गेली! आणि हे आईच्या घरीच विसरली! काय हो मिसेस थ्रेशर, लेकीला आंदणात हेसुद्धा दिलं नाहीत? भलत्याच चिक्कू दिसता!"

तिचे ओठ पुन्हा हलले. अध्यक्षांनी हात वर केला, पण अशा वेळी साक्षीदाराला सोडायचं नसतं. मी म्हटलं, "मोठ्याने बोला, बाई! इथे लाजायचं काय कारण? मुलगी कुठे गेली ते सांगा, म्हणजे वस्तू कळेल!"

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. जिंकणाऱ्या प्रश्नानंतर अशी शांतता पडते, ती मला ओळखीची आहे. मग घंटा झाली. उत्तर आम्हाला आलं नाही ते आलं नाही. बाईंना कोणीतरी हाताला धरून आत नेलं, दिव्यांची सवय नसावी. पॅजेट मला भेटला नाही. मेजर हात न मिळवताच निघून गेला. मत्सर लगेच सुरू होतो.

विनी अजून खाली आलेली नाही. आजचं वर्तमानपत्रही कुठे दिसत नाही.

८ ऑक्टोबर, दुपारी

वर्तमानपत्र नाक्यावरून विकत आणलं. पहिल्याच पानावर, फोटोसकट.

तो भाता लढाईतला होता. तान्ह्या मुलांना विषारी वायूपासून वाचवायला सरकारने घरोघर दिलेल्या मोठ्या टोपड्याचा. मूल आत ठेवायचं आणि आईने बाहेरून हवा मारत राहायचं.

तिने दिलेली उत्तरं शब्दशः छापली आहेत. पहिल्या वेळी ती म्हणाली, "माझी मुलगी दीड वर्षाची असताना गेली." दुसऱ्या वेळी म्हणाली, "वारली, साहेब. लढाईत."

आणि त्याखाली माझं वाक्य.

पुन्हा पुन्हा वाचलं. मी त्याच खोलीत होतो. ती माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसली होती. हे शब्द तिथे बोलले गेले, शेकडो लोकांनी ऐकले, लाखो घरांत ऐकू गेले. मी ऐकले नाहीत.

९ ऑक्टोबर, शनिवार

काल विनी खाली आली तेव्हा मी वर्तमानपत्र समोर ठेवून बसलो होतो. ती समोरची खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसली. माझा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला. असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर केलेलं मला आठवत नाही.

"तुला ऐकू येत नाही, हम्फ्री."

"थोडं कमी—"

"थोडं नाही. डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, आणि उजव्यानेही माणूस समोर असेल तरच."

"मग तू कधी सांगितलं नाहीस?"

"दोन वर्षं ओरडून सांगतेय रे!" असं म्हणाली आणि रडायला लागली. मग रडता रडताच हसू आलं तिला. "सांगितलं की तू टोपी घालून निघून जातोस."

मग सगळं बाहेर आलं. फाटकाशी तिने पॅजेटला हेच सांगितलं होतं: त्यांना कमी ऐकू येतं, पण डोकं अजून विळ्यासारखं आहे, घरात बसून कुढताहेत, तेवढं जमवून घ्या. पॅजेटने ते मिस ट्रेलच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "मला त्यांच्या बंद कानाच्या बाजूला बसवा, बाकी मी बघते." प्रत्येक उत्तर ती माझ्याकडे तोंड करून परत म्हणायची ते मला ओठ दिसावेत म्हणून. माझं नाव पुकारलं गेलेलं मला कळायचं नाही, म्हणून पाय. दर मंगळवारी विनीला फोन करून विचारायची, या आठवड्यात कोणता शब्द त्यांना जड जातो, कसा उच्चारू.

आणि मॅलिन्सनसाहेबांचे कानही कोणी भरले नव्हते. साक्षीदार खरंच उत्तर देऊन मोकळा झालेला असायचा.

मी विनीला म्हटलं, "चहा देतेस?" ती म्हणाली, "काय?" मी एवढ्या हळू बोललो होतो की तिलाही ऐकू आलं नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

पॅजेटला पत्राने कळवलं, मी येणार नाही. त्यानेही आग्रह केला नाही.

दुपारच्या खेळानंतर मिस ट्रेलला रंगपटात भेटलो. अर्धा चेहरा राणीचा, अर्धा पुसलेला. मी पाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं तर तिने हातानेच थांबवलं. आरशातून नाही, वळून माझ्याकडे पाहत बोलली.

"मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. एवढा हुशार माणूस, त्याला स्वतःचं माहीत नसेल असं डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, आपण दोघं मिळून लोकांना फसवतोय."

"तुम्ही कशासाठी केलंत हे? मी तुमचा कोण?"

"अहो, आमच्याकडे म्हातारा नट वाक्य विसरला की शेजारी उभा असेल त्याने सावरायचं असतं. उद्या आपली पाळी असते." मग गालावरचा रंग पुसत म्हणाली, "तुम्ही मला चोर म्हणालात ते लागलं मात्र. खेचरही म्हणालात म्हणे. विनीने सांगितलं."

"तुम्ही सोडून का गेलात? खरं सांगून टाकायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी उठून गेला असतात. वाटलं, मी गेले तर निदान तुम्ही राहाल." मग रंगाचं फडकं खाली ठेवून म्हणाली, "त्या कॉव्हेन्ट्रीच्या बाईचा विचार तेव्हा आला असता तर सांगितलं असतं. ते माझंही चुकलं."

हिने चूक वाटून घ्यावी, एवढं माझं पुण्य नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

कॉव्हेन्ट्रीला जाऊन आलो. विनी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं.

मिसेस थ्रेशरने दार उघडलं. मला ओळखलं आणि काही क्षण दार तसंच धरून उभी राहिली. मग बाजूला झाली. स्वयंपाकघरात नेलं. अजून बऱ्याच घरांना छप्पर नाही त्या गल्लीत, पण हिची खिडकी घासूनपुसून लख्ख होती. मी खिडकीकडे पाठ करून बसलो, म्हणजे उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल. हे विनीने शिकवलं आहे.

मी क्षमा मागितली. वकिली शब्द वापरले नाहीत. तिने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि चहा ओतला. मग ती सांगायला लागली. थोडं कळलं, थोडं निसटलं. तळघरात रात्रभर ती हवा मारत राहायची. वायू कधी आलाच नाही. मुलगी गेली ती तळघरातल्या ओलीने छाती भरून.

"मग ते टेलिव्हिजनवर का आणलंत?" मी विचारलं. या वेळी उत्तर खरंच हवं होतं.

"कोणीतरी विचारावं म्हणून," ती म्हणाली. "आता कोणी विचारत नाही. सगळ्यांचंच कोणी ना कोणी गेलंय. वाटलं, तिथे माणसं प्रश्न विचारतात, तर एकदा हो म्हणायला मिळेल. माझ्या घरातल्या माणसासाठी होतं, हो."

मी मुलीचं नाव विचारलं.

तिने मान खाली घातली, बशीकडे पाहत नाव सांगितलं. मला ते कळलं नाही. अशा वेळी गंभीरपणे मान डोलवायची मला वर्षानुवर्षांची सवय आहे. मान अर्धी हललीसुद्धा. आणि मी थांबलो.

"मिसेस थ्रेशर, मला ऐकू येत नाही. पुन्हा सांगाल?"

कोणाही परक्या माणसासमोर हे वाक्य मी आजवर उच्चारलं नव्हतं. तिने वर पाहिलं. राग येईल असं वाटलं, पण ती टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकली आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाली, "हेझल!"

"हेझल," मी म्हटलं.

"हेझल!" ती पुन्हा म्हणाली, त्याहून मोठ्याने. ते मी विचारलं नव्हतं.